चाक थांबल्यावर

माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी रंगाअण्णांनी माझ्या डोक्यापासून वीतभर अंतरावरून स्टीलचं एक झाकण भिरकावलं. ते माझ्यासाठी नव्हतं. माझ्या मागे उभ्या असलेल्या शंकर नावाच्या कामगारासाठी होतं. मी मध्ये आले होते, आणि मध्ये कोण आहे हे बघत बसायची अण्णांना सवय नव्हती. झाकण भिंतीवर आपटून गरगरत माझ्या पायाशी येऊन पडलं. दुसरं काय करावं ते सुचेना म्हणून मी ते उचललं. तपासनीस म्हणून माझ्या हातात आलेला पहिला नग तो.

"बाई, नख फिरवा त्याच्यावरून," अण्णा म्हणाले. "आन् ह्या शहाण्याला सांगा काय लागतंय."

मी नख फिरवलं. मधोमध दोन ठिकाणी ते अडकलं.

"एवढीशी खरचट होती. निस्ता कापडी बफ लावला आसता तर गेली आसती. यानं दगडी चाक लावलं. खरचटीला कुऱ्हाड." एवढं बोलून त्यांनी शंकरच्या कानाखाली एक ठेवून दिली आणि माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात विचारलं, "चहा घेणार का?"

ही गोष्ट ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराची. सातपूरच्या आमच्या कारखान्यात दूधडेऱ्यांसाठी आणि औषधवाल्यांसाठी स्टीलच्या टाक्या बनत. मी नाशिकरोडची, वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात, घरात सगळे हळू बोलणारे. तपासणी खात्यातली मी पहिली मुलगी. पॉलिशखाता म्हणजे कारखान्याच्या मागच्या अंगाला एक पत्र्याची शेड, तिच्यात चाकं फिरवणाऱ्या सहा मोटारी, आणि संध्याकाळी बाहेर पडणारी काळ्या तोंडाची पंधरा माणसं. या माणसांवर रंगनाथ विधाते, म्हणजे रंगाअण्णा, यांचं राज्य होतं.

अण्णा बुटके, रुंद, पन्नाशीकडे झुकलेले. ठिणग्यांनी हातांवरचे केस कायमचे जळालेले, डावी भुवई अर्धीच. मखमलाबादला त्यांची झेंडूची आणि शेवंतीची शेती होती. पहाटे फुलांच्या पाट्या सायकलवरून बाजारात टाकून ते कामावर येत, त्यामुळे सकाळी त्यांच्या हातांना झेंडूचा वास यायचा आणि दुपारनंतर पॉलिशच्या साबणाचा.

धातू ते डोळ्यांनी बघत नसत. डोळे मिटून मनगटाची आतली बाजू पत्र्यावरून फिरवत. बोटं खोटं सांगतात, असं त्यांचं म्हणणं. बोटांना घट्टे पडलेले असतात. पत्र्यावरच्या ओरखड्याला ते जखम म्हणत, आणि जखम केवढी ते कळल्याशिवाय भिंतीवरच्या हत्याराला हात लावू देत नसत. सगळ्यात मऊ हत्यार आधी लावून बघायचं. त्यानं भागलं नाही तरच एक पायरी खरखरीत व्हायचं. खरखरीत झालात की परत येताना एकही पायरी गाळायची नाही: ऐंशी नंबरच्या खरकागदी पट्ट्यानंतर एकशे वीस, मग एकशे ऐंशी, मग दोनशे चाळीस, मग तीनशे वीस, आणि प्रत्येक हात आधीच्या हाताला आडवा. मधली पायरी गाळली तर वरून चकचकीत दिसतं, पण उन्हात तिरकं धरलं की खालच्या रेघा उठून दिसतात. कंटाळलेला माणूस हमखास तेच करतो. अण्णांना ते शेडच्या दारातून कळायचं, आणि मग जे हातात असेल ते उडत यायचं.

अशा माणसांबद्दल लिहिताना वरून कडक आणि आतून मऊ असं लिहायची पद्धत आहे. अण्णा आतूनही कडकच होते. मारायचे म्हणजे खरंच मारायचे. एकदा कुणीतरी लोखंडासाठीचा तारेचा ब्रश स्टीलच्या टाकीवर फिरवला. लोखंडाचा कण स्टीलवर राहिला की दोन दिवसांनी पाणी लागताच तिथे तांबडे ठिपके येतात, म्हणून लोखंडाची हत्यारं वेगळ्या फळीवर, लाल मुठींची असत. ठिपके आलेले दिसल्यावर अण्णांनी तोच ब्रश त्या माणसाच्या दंडावरून फिरवला. रक्त आलं. "आता ह्याच्यावर पण लाल येईन," म्हणाले. मी वरिष्ठांकडे तक्रार केली. वरिष्ठ हसून म्हणाले, त्यांच्यासारखं पॉलिश दुसरं कोण करतं ते सांग. मला त्या दोघांचाही संताप आला होता, हे मी आजही लपवत नाही.

स्टोअरकीपर कुलथ्यांची गोष्ट तर कारखानाभर सांगत. कुलथ्यांनी एकदा स्वस्तातली दगडी चाकं आणली. अण्णांचा रिवाज असा की नवं चाक आलं की ते एका बोटावर अडकवायचं आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं हलकेच वाजवायचं. धड चाक घंटेसारखं वाजतं, तडा असलेलं बद्द वाजतं. त्या खोक्यातली तीन चाकं बद्द वाजली. कुलथे म्हणाले, "अण्णा, ही काय देवळातली घंटा हाय का वाजवून घ्यायला? डोळ्याला तडा दिसत नाय, म्हणजे नाय."

"बरं," अण्णा म्हणाले. त्यांनी एक चाक मोटारीला चढवलं, बाकी सगळ्यांना शेडबाहेर काढलं आणि कुलथ्यांचा दंड धरून त्यांना चाकाच्या बरोब्बर समोर उभं केलं. "तुम्हाला खात्री हाय ना? मग ऱ्हा उभे. मी चालू करतो."

कुलथे हसले. मग अण्णांचा हात बटणाकडे गेला तसे हसायचे थांबले. मग दंड सोडवायला लागले. शेवटी पँट ओली झाल्यावर अण्णांनी त्यांना बाजूला ढकललं आणि स्वतः खांबाआड जाऊन बांबूच्या टोकानं बटण दाबलं. चाक जोरात फिरू लागलं, क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग ते फुटलं. एक तुकडा छपराचा पत्रा फोडून बाहेर गेला, दुसऱ्यानं समोरच्या भिंतीत, कुलथ्यांची छाती जिथे असती त्या उंचीवर, खड्डा पाडला. अण्णांनी कुलथ्यांची मान धरून त्यांचं तोंड त्या खड्ड्यापाशी नेलं आणि म्हणाले, "बघा. डोळ्याला दिसतंय का आता?"

तो खड्डा त्यांनी बुजवू दिला नाही. नवीन माणूस आला की आधी त्यात बोट घालायला लावत.

पण सगळ्यात मोठी भांडणं व्हायची ती राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. बफ म्हणजे कापडाच्या घड्यांचं चाक, दिसायला गादीसारखं मऊ. नवीन माणूस दगडी चाकाला घाबरतो आणि बफला हसतो. पण दगड कापतो आणि सोडून देतो, बफ धरतो. लोंबता धागा, बाही, हातमोजा, काहीही हाती लागलं की त्याच्यामागचं सगळं ओढून घेतो. म्हणून अण्णांच्या शेडमध्ये मनगटावर काही चालत नसे: घड्याळ नाही, कडं नाही, गंडा नाही. राखीच्या दुसऱ्या दिवशी ते शेडच्या दारात फुलं कापायची कात्री घेऊन उभे राहत आणि येईल त्याची राखी कापत. बहिणीनं बांधलेली राखी दुसऱ्या दिवशी कुणी कापली तर कोण गप्प बसेल? एका वर्षी शंकरनं त्यांची कॉलर धरली, अण्णांनी त्याला दारावर आपटलं आणि छातीवर गुडघा ठेवून राखी कापली. कापलेल्या राख्या ते टाकत नसत. डब्यात जमवून गोदावरीत सोडून येत. बहिणींचा शाप नको म्हणून, असं शंकर म्हणायचा.

त्यांच्या घरी मी एकदाच गेले, दसऱ्याआधी फुलं आणायला. त्यांची बायको जिजाबाई ओट्यावर बसून माळा ओवत होती. मी हळूच विचारलं, "वहिनी, अण्णा घरी पण असेच का?"

"कसे?" तिला खरंच कळलं नाही. मग तिनं वाफ्याकडे बोट केलं. वाफ्यात अण्णा उकिडवे बसून झेंडू खुडत होते, आणि त्यांच्या पाठीवर मांजर बसलं होतं. मांजर पडू नये म्हणून ते बसल्या बसल्या सरकत होते.

त्याच वर्षी पॉलिशखात्यात सोमा भोये आला. पेठच्या पलीकडच्या डोंगरातला, पस्तिशीचा. आधी पाऊस संपला की द्राक्षबागांत कामाला यायचा, मग शहरातच राहिला. फार कमी बोलायचा. त्याचं मनगट अण्णांसारखंच शहाणं होतं. दोन वर्षांत तो अण्णांच्या शेजारच्या मोटारीवर आला, आणि अण्णा स्वतःची झाकणं तपासायला सोमाकडे देऊ लागले. अण्णांनी कुणाला 'बरं झालंय' म्हटल्याचं मी एकदाच ऐकलं, ते सोमाला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात सोमाची सहा वर्षांची मुलगी तापानं पडली. गावाकडचा भगत तिच्यासाठी सोमाच्या मनगटाला काळा धागा बांधून म्हणाला, पोरगी उठून बसेपर्यंत सोडू नको. सोमानं तो कोपराकडे, बाहीच्या आत, वर सरकवून ठेवला. एरवी हाफ बाहीचा शर्ट घालणारा सोमा फुल बाहीत आला, तेव्हाच आमच्यापैकी कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं.

त्या दुपारी मी चार पावलांवर होते, तयार झाकणं मोजत. सोमा बफवर होता, दोन्ही हातांत झाकण धरून. घामानं धागा घसरून मनगटावर आला होता. अण्णांनी तो पाहिला. दोन ढांगांत त्याच्यापाशी गेले आणि नेहमी मारायचे तशी त्याच्या कानाखाली मारली.

चाक फिरत होतं.

सोमा दचकला, झाकणाची कड तिरपी झाली. बफनं झाकण खेचलं, झाकणाबरोबर हात गेला आणि धागा आसाला गुंडाळला. आवाज फार मोठा नव्हता. ओलं फडकं आपटावं तसा. अण्णांनी उडी मारून बटण बंद केलं, पण मोटार लगेच थांबत नाही. ती आपली फिरत फिरत थांबते. तेवढा वेळ अण्णा दोन्ही हातांनी ते चाक धरून थांबवायचा प्रयत्न करत होते. त्यांच्या तळहातांची सालं निघाली. सोमाच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट राहिलं.

अहवाल लिहायचं काम माझ्यावर आलं. वरिष्ठांनी मला आत बोलावून दार लावलं. मनगटावर धागा होता की नव्हता, असं विचारलं. होता, मी म्हणाले. मग तेवढंच लिही, ते म्हणाले. अर्थ सरळ होता. धागा म्हणजे सोमाची चूक. नियम मोडला म्हणून सोमा घरी जाईल. चापट लिहिली तर अण्णा घरी जातील, आणि अण्णा गेले तर औषधवाल्यांच्या टाक्या कोण करणार? मी धागा लिहिला. चापट लिहिली नाही. एकही शब्द खोटा नव्हता, असं मी स्वतःला बसमध्ये समजावलं. मी भ्याले होते, एवढंच खरं कारण.

चौकशीच्या दिवशी लांब टेबलाभोवती आम्ही पाच जण होतो. अण्णांच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. त्यांना वाचायला जड जायचं म्हणून वरिष्ठांनी माझा अहवाल मलाच मोठ्यानं वाचायला लावला. अण्णांनी डोळे मिटून ऐकला, पत्र्यावर मनगट फिरवताना मिटायचे तसे.

"बाई," ते म्हणाले, "ऐंशीवरून थेट तीनशे वीसवर उडी मारली तुम्ही. मधलं कुठं गेलं?"

मी कागद टेबलावर ठेवला.

"विधाते, सही करा आणि संपवा," वरिष्ठ म्हणाले.

अण्णांनी पट्टी बांधलेल्या हातांनी तो कागद उचलला, चुरगाळता येईना म्हणून दातांत धरून फाडला आणि टेबलावर थुंकला. "लिहा. मी त्याला मारलं. मारलं ते चुकलं नाय. धागा होता, मारायलाच पायजे होतं. पण चाक फिरत आसताना मारलं. आधी बटण बंद करायचं, चाक थांबू द्यायचं, मग मारायचं. मी येवढ्या वर्षांत हत्यार चुकीचं निवडलं नाय. येळ चुकीची निवडली. त्याचा हात मी खाल्ला. लिहा."

मी लिहिलं. या वेळी एकही पायरी गाळली नाही. अण्णांना त्याच दिवशी गेटबाहेर काढलं, आणि सोमाची नोकरी राहिली, गोदामाच्या दारावर. गेटबाहेर जाताना अण्णा माझ्याशी बोलले नाहीत. त्याबद्दल मला त्यांचा राग कधीच आला नाही.

नंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी सोमाकडून कळलं. अण्णा दवाखान्यात गेले होते. खाटेपाशी उभं राहून गाल पुढे करून म्हणाले होते, मार. सोमानं तोंड भिंतीकडे फिरवलं. मग सोमा गावी गेला तेव्हा अण्णा एसटीनं पेठला आणि तिथून चालत त्याच्या घरी पोहोचले. सोमाच्या बायकोनं कोयता उगारून त्यांना ओढ्यापर्यंत पिटाळलं. पुढच्या रविवारी ते पुन्हा गेले. तेव्हा तिनं दगड मारला, तो खांद्याला लागला. तिसऱ्या रविवारी ती आत निघून गेली, आणि ओट्यावर सोमाची पोरगी बसली होती, ठणठणीत. अण्णांनी तिला झेंडूची फुलं दिली आणि सोमाला म्हणाले, "माझ्याकडं मोटार हाय. हात माझे, मनगट तुझं. बघ."

सोमानं त्यावर हो म्हणायला एक वर्ष घेतलं, आणि मग गोदामाचं दार सोडलं.

अण्णांना मी शेवटचं पाहिलं ते दोन हजार सात-आठच्या सुमारास. तोवर मी दुसऱ्या कारखान्यात होते. एका नमुन्याचं पॉलिश कुठेच मनासारखं होईना, तेव्हा कुणीतरी म्हणालं, अंबडला एका गाळ्यात थोटा सोमा म्हणून आहे, त्याच्याकडे जा. मी गेले. दारावरच एका खिळ्याला फुलं कापायची कात्री टांगलेली होती.

आत एकच मोटार चालू होती आणि तिच्यासमोर अण्णा होते. फार वाळले होते. जाड भिंगाचा चष्मा दोऱ्यानं नव्हे, रबराच्या पट्ट्यानं मागे घट्ट बांधलेला. सोमा बाजूला खुर्चीवर बसून तयार नगांवरून मनगट फिरवत होता. त्यानं मला ओळखलं, बसा म्हणाला, आणि पुढचा नग उचलला. एका डॉक्टरांसाठी बनवलेलं मोठं भांडं होतं ते, चार दिवसांचं काम. सोमाचं मनगट मधेच थांबलं. पुन्हा मागे आलं. तो उठला.

"ह्याला काय लावलं?"

"दोनशे चाळीस," अण्णा म्हणाले.

"दोनशे चाळीस नाय. एकशे वीस लावलाय. तयार नगाला एकशे वीस." सोमाचा आवाज चढत गेला, आणि त्यातून ज्या शिव्या बाहेर पडल्या त्या सगळ्या मला ओळखीच्या होत्या, शब्द न् शब्द सातपूरच्या शेडमधला. "डोळं गेलं तर सांगता येत नाय? मनगट लावता येत नाय? माला विचारता येत नाय? चार दिस मातीत घातलं." त्यानं भांडं फरशीवर आपटलं. त्याच्या उजव्या हाताला अंगठा आणि एकच बोट होतं. तो हात वर गेला.

अण्णांनी त्या हाताकडे पाहिलं. मग मागे न बघता हात नेऊन बटण बंद केलं.

बफ थांबायला वेळ लागतो. त्याची घरघर खाली उतरत गेली, कापडाच्या घड्या दिसायला लागल्या, मग शिवण दिसली. तेवढा वेळ सोमाचा हात तसाच वर होता. अण्णांनी सावकाश चष्मा काढून खिशात ठेवला. मी जागची उठले होते. पुढे जावं की नाही मला कळेना, आणि गेले नाही. चाक थांबलं. अण्णांनी ते बोटानं चाचपून बघितलं, आणि मग गाल पुढे केला.

सोमानं मारली. जोरात. अण्णांचा तोल गेला, त्यांनी खांबाला धरलं.

सोमा धापा टाकत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अण्णांच्या तोंडावर मात्र मी इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं असं काहीतरी होतं. त्याला समाधानच म्हणावं लागेल. त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, पट्टा मागे ओढून घेतला आणि खाली वाकून भांडं उचललं. डोळे मिटून ओरखड्यांवरून मनगट फिरवलं.

"कितीचा लावू?" त्यांनी विचारलं.

"एकशे ऐंशी," सोमा म्हणाला. "आडवा."

अण्णांनी भिंतीवरून पट्टा काढला आणि नंबर बघायला सोमापुढे धरला. सोमानं मान डोलावली. मग अण्णांनी आपली दोन्ही मनगटं चाचपून बघितली, सोमाचीही बघितली, आणि बटण दाबलं.